साखरेच्या बेटावरची दोन दिवसांची क्रांती

श्रीमंत माणूस क्रांतीत उतरला की त्याच्याविषयी बोलणाऱ्यांचे लगेच दोन तट पडतात. एकाला त्यात त्याग दिसतो, दुसऱ्याला डाव. फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटावरचा ऊसमळ्यांचा मालक आनिसेतो लाक्सोन दोन्ही तटांना भरपूर पुरावा देतो. नोव्हेंबर १८९८मध्ये त्याने आणि त्याच्या साथीदारांनी स्पेनची सत्ता बेटावरून घालवली, आणि पुढच्याच फेब्रुवारीत त्याच मंडळींच्या राजधानीवर अमेरिकेचं निशाण चढलं. माझ्या मते या दोन गोष्टींत विसंगती नाही. ज्या बळावर लाक्सोनला स्पॅनिशांना हाकलता आलं, तेच बळ शाबूत ठेवण्यासाठी त्याने अमेरिकनांना आत घेतलं.

हे बळ साखरेचं होतं. लाक्सोनचा जन्म १८५७चा, शेजारच्या पानाय बेटावरचा, इलोइलोजवळच्या मोलो गावातला. त्याच्या जन्माआधी दोन वर्षं स्पेनने इलोइलोचं बंदर जगाच्या व्यापाराला खुलं केलं होतं. १८५६ साली तिथे ब्रिटनचा उपवाणिज्यदूत म्हणून निकोलस लोनी आला. मळेवाल्यांना लोखंडी घाणे आणि भांडवल पुरवायचा उद्योग त्याने सुरू केला, आणि मोलो आणि हारो या गावांतली पैसेवाली घराणी सामुद्रधुनी ओलांडून नेग्रोसच्या मोकळ्या जमिनीकडे वळली. मोकळी म्हणजे कागदावर मोकळी. तिथे कसणारे लोक होतेच, फक्त त्यांच्याकडे कागद नव्हता. लाक्सोन कुटुंब नेग्रोसवरच्या तालिसायला स्थिरावलं. उसाच्या अशा मोठ्या मळ्याला तिकडे आसिएंदा म्हणतात. तिथे गुळासारखी दिसणारी कच्ची साखर तयार होई आणि इलोइलोच्या पेढ्यांमार्फत परदेशी जाई. मजूर उचलीने बांधलेले असत. तोडणीच्या हंगामात पानायहून आणखी टोळ्या येत. १८८०नंतर युरोपातल्या बीटच्या साखरेने भाव पाडले, मळेवाले पेढ्यांच्या कर्जात रुतले आणि कर घेणारं सरकार त्यांच्या कामी आलं नाही. स्पेनवरचा या वर्गाचा राग आधी हिशेबाच्या वहीत साठला असावा, असं मला वाटतं.

पण म्हणून लाक्सोनला केवळ हिशेबी ठरवणं अन्यायाचं होईल. मनिलातला धनाढ्य फ्रान्सिस्को रोहास याला जानेवारी १८९७मध्ये स्पेनविरुद्धच्या बंडाच्या आरोपावरून गोळ्या घातल्या गेल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये पानायवर, कालिबोला, एकोणीस जणांना ठार करण्यात आलं. श्रीमंती तेव्हा चिलखत नव्हती, हे नेग्रोसच्या मळेवाल्यांना ठाऊक होतं. अर्थात त्यांनी वेळही पाहिली होती. ऑगस्ट १८९८मध्ये मनिला अमेरिकनांच्या हाती पडलं होतं, आणि स्पेनची पकड सुटत चालली होती.

५ नोव्हेंबरला लाक्सोन उत्तरेकडून आणि बागोचा मळेवाला हुआन आरानेता दक्षिणेकडून राजधानी बाकोलोदकडे निघाले. बंदुका फारच थोड्या. मग माडाच्या झावळ्यांच्या दांड्यांपासून बंदुका तयार झाल्या, बांबूच्या चटया गुंडाळून आणि काळ्या रंगवून तोफा. शहराबाहेर जमलेला हा पसारा पाहून स्पॅनिश गव्हर्नर इसिद्रो दे कास्त्रोने ६ तारखेला शरणागती पत्करली. सिलाय गावच्या ठाण्याची कथा तर नाटकात शोभावी अशी आहे. तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्याने न लढताच शस्त्रं खाली ठेवली, पण घनघोर लढाईनंतर हरलो असं कागदावर लिहून घेतलं म्हणतात. या गमतीत एक गोष्ट नजरेआड होते. त्या खोट्या तोफांमागे उभी असलेली गर्दी मात्र खरी होती, आणि ती मळ्यांवरून आली होती. उचल देणाऱ्या मालकाने हाक दिली की मजूर कोयता घेऊन निघतो. महिनाअखेर लाक्सोन नेग्रोसच्या कँटोनल प्रजासत्ताकाचा अध्यक्ष झाला.

४ फेब्रुवारी १८९९ला मनिलात अमेरिका आणि फिलिपिनो क्रांतीचा नेता आगिनाल्दो यांच्या फौजांमध्ये युद्ध पेटलं, ११ला इलोइलो पडलं. नेग्रोसचं शिष्टमंडळ अमेरिकेचं संरक्षण मागायला मनिलाला अमेरिकन जनरल ओटिसकडे गेलं आणि मार्चमध्ये अमेरिकन कर्नल जेम्स स्मिथ बेटावर आला. लाक्सोनची बाजू घेणारे म्हणतात, शस्त्रं नव्हती, तर त्याने करायचं तरी काय? प्रश्न रास्त आहे. पण सामुद्रधुनीपलीकडे पानायवर मार्तिन देल्गादोही सुखवस्तू घरातला होता, त्याचीही शस्त्रं तोकडीच होती, तरी तो फेब्रुवारी १९०१पर्यंत लढत राहिला. तेव्हा फरक केवळ शस्त्रांचा नसावा. नेग्रोसच्या डोंगरात पापा इसिओ होता. एकेकाळी मळ्यावर राबलेला हा माणूस बाबायलान, म्हणजे देवऋषी, होऊन बंडात उतरला होता. त्याला स्वतंत्र फिलिपिन्स हवा होता, तसंच उसाचे मळे मोडून जमीन कसणाऱ्याला मिळायला हवी होती. त्याची माणसं मळे जाळत होती. तालिसायच्या वाड्यातून पाहणाऱ्याला यातला कोणता शत्रू अधिक जवळचा वाटेल, हे सांगायला नको.

मजुराने हाक ऐकावी म्हणून त्याला ज्या व्यवस्थेने बांधलं होतं, तीच व्यवस्था इसिओ मोडायला निघाला होता, आणि तिला राखायला परकी फौज लागली. जुलै १८९९च्या नव्या व्यवस्थेत मतदानाला साक्षरतेची किंवा मालमत्तेची अट आली आणि शेवटचा शब्द अमेरिकन लष्करी गव्हर्नरचा राहिला. ती व्यवस्थाही १९०१ साली संपून नेग्रोस साधा प्रांत झाला. म्हणून लाक्सोनला देशद्रोही म्हणावं, असं मला वाटत नाही. स्पेनविरुद्ध त्याने पत्करलेला धोका खरा होता. फक्त त्याच्या देशाची कल्पना मळ्याच्या कुंपणाशी येऊन थांबत होती.

इसिओ १९०७मध्ये शरण आला आणि १९११ साली मनिलाच्या बिलिबिड तुरुंगात मेला. दरम्यान १९०९च्या अमेरिकन कायद्याने फिलिपिन्सची वर्षाला तीन लाख टन साखर जकातीशिवाय अमेरिकेत जाऊ लागली. १९१३मध्ये ही मर्यादाही उठली. नेग्रोसवर मोठमोठे साखर कारखाने उभे राहिले. लाक्सोन १९३१पर्यंत जगला, म्हणजे हे सगळं त्याने पाहिलं.