मिठूला जोडीदार आणावा का?

'आई, मिठू दिवसभर एकटाच असतो. त्याला एक मित्र आणू या ना!'

ज्या घरात पोपट आहे त्या घरात हा हट्ट आज ना उद्या होतोच. कधी तो मुले धरतात, कधी आजीला पोपटाची दया येते, तर कधी बाजारातून परतताना वडीलच एखाद्या दुकानापाशी घुटमळतात. हट्टामागची भावना चांगली असते, यात शंका नाही. पण दुसरा पोपट घरी आणणे म्हणजे पिंजऱ्यात आणखी एक वाटी टांगणे नव्हे. त्या आधी काही गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत आणि त्यातली पहिलीच गोष्ट अशी आहे की, ती कळल्यावर अनेक घरांमध्ये दुसऱ्या पोपटाचा प्रश्नच उरणार नाही.

बंगळूरसारख्या शहरात हा प्रश्न जास्तच जाणवतो. नवराबायको दोघेही नोकरीवर, मुले शाळेत. सकाळी साडेआठला दाराला कुलूप लागते, ते संध्याकाळी रहदारीतून वाट काढत घरी पोहोचेपर्यंत. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत पिंजरा आणि पिंजऱ्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड, एक हिरवी मिरची. (मिरची पोपटाला झोंबत नाही, हे खरे आहे. तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही.) दिवस मावळताना लालबाग आणि कब्बन पार्ककडे पोपटांचे थवे ओरडत जातात, तेव्हा पिंजऱ्यातला मिठूही दांडीवर ताठ होऊन त्यांना साद घालतो. घरच्यांना वाटते, किती छान बोलतोय!

तो बोलत नसतो, तो थव्याला हाक मारत असतो. पोपट हा मुळातच समूहात राहणारा पक्षी. एकत्र चरायचे, एकत्र झोपायचे, नजरेआड झालेल्या सोबत्याला ओरडून विचारायचे आणि त्याचे उत्तर आले की निर्धास्त व्हायचे, अशी त्याची रीत. आपण ज्याला 'पोपटपंची' म्हणून हसतो, ती त्याची माणसांच्या थव्यात सामील होण्याची धडपड असते. दुसरा पोपट नाही, मग निदान या माणसांसारखा आवाज तरी काढू, असा तो प्रकार.

एकटेपणाची किंमत

एकट्या पोपटाचे हाल होतात ही नुसती भाबडी समजूत नाही. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथील पशुवैद्यक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये आफ्रिकन ग्रे जातीच्या पाळीव पोपटांचे रक्त तपासले. प्राण्यांच्या पेशींतील गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाची टोपणे असतात. वय वाढते तशी आणि सततच्या ताणानेही ती झिजतात. या तपासणीत एकटे ठेवलेल्या नऊ वर्षांच्या पोपटांची टोपणे, जोडीने राहणाऱ्या आणि त्यांच्याहून तेवीस वर्षांनी मोठ्या पोपटांइतकी झिजलेली आढळली.

त्याआधी २००३ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात ॲमेझॉन जातीच्या तरुण पोपटांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. काहींना एकटे ठेवले, काहींना समलिंगी जोडीदाराबरोबर. जोडीने राहिलेले पोपट कमी किंचाळत आणि खेळण्यांत अधिक रमत. एकट्यांपैकी अनेकांना पिंजऱ्यात तेच ते निरर्थक हेलपाटे घालण्याची सवय लागली. विशेष म्हणजे, जोडीदार मिळाल्यामुळे पोपट माणसाला विसरतो, चावरा होतो, ही लोकांची भीती या प्रयोगात खरी ठरली नाही. जोडीतले पोपट हाताळणाऱ्यांशी नीटच वागले.

२०२३ मध्ये तर संशोधकांनी एक गमतीदार वाटेल अशी गोष्ट केली. निरनिराळ्या घरांतील अठरा पोपटांना त्यांनी घंटी वाजवून, पडद्यावरच्या चित्राला चोच लावून दुसऱ्या घरातल्या पोपटाला व्हिडिओ कॉल करायला शिकवले. पोपट ते शिकले आणि काही जण पलीकडच्या पोपटाबरोबर गाऊ-खेळू लागले.

म्हणजे लगेच दुसरा पोपट आणावा? जरा थांबावे. आपल्या पिंजऱ्यात आहे तो पोपट कोणता, हे आधी पाहावे.

हिरवा पोपट आणि कायदा

लाल चोचीचा, लांब शेपटीचा हिरवा पोपट, ज्याला आपण राघू किंवा मिठू म्हणतो, तो आणि खांद्यावर लाल डाग असणारा त्याचा थोराड भाऊबंद करण पोपट, हे आपल्या देशातले वन्य पक्षी आहेत. ते पकडणे, विकणे, विकत घेणे आणि घरी बाळगणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. भारतीय पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासूनच बंदी आहे. कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि हे पोपट दुसऱ्या अनुसूचीत गेले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

'पण आमच्या आजोबांकडेही पोपट होता!' असे अनेक जण म्हणतात. असेल. आजोबांच्या काळी हा कायदा नव्हता. आज आहे, आणि तो उगाच केलेला नाही. बाजारात येणारी पिल्ले पिंजऱ्यात जन्मलेली नसतात. जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास झाडांच्या ढोलीतून ती काढली जातात, पिसेही पुरती फुटलेली नसताना टोपल्यांत कोंबून शहरात आणली जातात आणि वाटेतच कितीतरी दगावतात. एकट्या मिठूची दया येऊन दुसरा हिरवा पोपट विकत घेणारा गृहस्थ नकळत आणखी एका ढोलीत हात घालायला सांगत असतो.

काही दुकानदार निळा किंवा पिवळा पोपट पुढे करून 'हा परदेशी' असे सांगतात. रंग निराळा असला तरी अनेकदा पक्षी जातीने तोच असतो. राघूसाठी मैना आणू पाहणाऱ्यांचीही कमी नाही. लोकगीतांनी राघू-मैनेची जोडी लावून दिली खरी, पण मैना ही पोपटाची मादी नव्हे. तिचे कूळच वेगळे, आणि कायद्याचे संरक्षण तिलाही आहे. राघूची मादी म्हणजे गळ्याला कंठी नसलेला हिरवा पोपटच. कंठी नराला येते, तीही साधारण तीन वर्षांचा झाल्यावर.

दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क आहे, असे मत नोंदवले होते. कायद्याची भीती क्षणभर बाजूला ठेवली, तरी बाल्कनीतून थव्याला साद घालणाऱ्या पोपटाकडे पाहून हे पटायला हरकत नसावी. तेव्हा घरात हिरवा पोपट असेल तर प्रश्न दुसऱ्याचा नाही, पहिल्याचाच आहे. त्याचे काय करावे ते पुढे पाहू.

परदेशी पोपट असेल तर

बजरीगर, कॉकाटील, लव्हबर्ड, आफ्रिकन ग्रे, मकाव हे परदेशी पक्षी पाळण्यास बंदी नाही. मात्र आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा यांसारख्या आंतरराष्ट्रीय संरक्षण यादीतल्या जातींची नोंदणी आता सक्तीची आहे. फेब्रुवारी २०२४ मधील नियमांनुसार 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे ही नोंद करायची असते. असा पक्षी नव्याने घरी आला तर तीस दिवसांत. बजरीगर आणि कॉकाटील या यादीत नाहीत. पक्षी विकणाऱ्या दुकानालाही २०१८ च्या नियमांप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. पावती आणि नोंदणी मागितल्यावर दुकानदार हसण्यावारी नेत असेल, तर तिथून सरळ बाहेर पडावे.

यानंतरचा प्रश्न कायद्याचा नाही, घरचा आहे. पहिल्या पोपटाला वेळ देता येत नाही म्हणून दुसरा आणायचा, हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो. दोन पोपटांना दोन पिंजरे, दोघांनाही रोज बाहेर मोकळे सोडण्याचा वेळ, दुप्पट शीट, दुप्पट खर्च आणि आवाज तर दुपटीहून जास्त, कारण एक ओरडला की दुसरा उत्तर देतो. फ्लॅटमधल्या शेजाऱ्यांना विचारून पाहा!

शिवाय जमेलच याची खात्री काय? लहानपणापासून एकटा, माणसांच्या हाती वाढलेला पोपट कित्येकदा दुसऱ्या पोपटाला आपला मानतच नाही. घरातल्या एखाद्या व्यक्तीलाच त्याने जोडीदार मानलेले असते आणि नवा पाहुणा त्याला सवतीसारखा वाटतो. मोठ्या चोचीच्या पोपटाने लहान पक्ष्याची बोटे तोडल्याच्या दुर्घटना होतात. म्हणून जोडीदार आणायचाच तर तो त्याच जातीचा असावा. नर-मादी असतील तर अंडी आणि पिल्ले यांचा विचारही आधीच करून ठेवावा. अनेक जातींत नर-मादी दिसायला सारखेच असतात. तेव्हा दुकानदाराच्या शब्दावर न जाता पिसावरून किंवा रक्तावरून होणारी डीएनए तपासणी करून घ्यावी.

नवा पक्षी आल्या आल्या जुन्याच्या शेजारी ठेवणे ही सर्वांत मोठी चूक. तीस ते पंचेचाळीस दिवस तो वेगळ्या खोलीत हवा. आधी जुन्याचे दाणापाणी, मग नव्याचे आणि हात साबणाने धुऊनच पुन्हा जुन्याकडे. पिसे आणि चोच झडवणारा एक विषाणू पोपटांमध्ये झपाट्याने पसरतो. सिटॅकोसिस नावाचा रोग तर वाळलेल्या शिटेच्या धुळीतून माणसालाही होतो. ताप, खोकला, कधी न्यूमोनिया. घरात लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर हे विशेष लक्षात ठेवावे. पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून दोन्ही तपासण्या झाल्यावरच दोन पिंजरे एका खोलीत, पण अंतर राखून आणावेत. दोघांची पहिली भेट पिंजऱ्याबाहेर, दोघांनाही परक्या असलेल्या जागी व्हावी. जुन्याच्या पिंजऱ्यात नव्याला कधीही सोडू नये. तो पिंजरा म्हणजे त्याचे घर असते. काही आठवडे लागतात, कधी काही महिने, कधी कधी जमतच नाही. मग जन्मभर दोन पिंजरे. हे झेपणार असेल तरच पुढे जावे.

जन्मभर हा शब्द इथे हलका नाही. कॉकाटील पंधरा-वीस वर्षे जगतो, आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास वर्षेही जगू शकतो. आज हट्ट करणारी दहा वर्षांची मुलगी तेव्हा साठीकडे झुकलेली असेल!

पोपट कसे शिकतो यावर आयुष्य वेचणाऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये शिकागोच्या एका दुकानातून ॲलेक्स नावाचा आफ्रिकन ग्रे घेतला. तो रंग, आकार, वस्तूंची संख्या ओळखून सांगत असे. १९९५ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत ग्रिफिन हा दुसरा पोपट आला. ग्रिफिनचा उच्चार चुकला की ॲलेक्स मध्येच 'नीट बोल' असे इंग्रजीत बजावत असे. २००७ मध्ये ॲलेक्स वारला तोवर दोघे शेजारी होते, जिवलग मात्र नव्हते. तिथे दिवसभर माणसे हजर असत, म्हणून ते निभले.

आणि जोडी असली म्हणजे सगळे मिटले असेही नाही. जुलै २०२२ मध्ये बंगळूरपासून सत्तर किलोमीटरवर तुमकूरला एका घरातल्या दोन आफ्रिकन ग्रे पोपटांपैकी 'रुस्तुमा' उडून गेला. घरच्यांनी गावभर पत्रके लावली, पन्नास हजारांचे बक्षीस जाहीर केले. पक्षी सापडल्यावर आणून देणाऱ्याला पंच्याऐंशी हजार रुपये दिले. देशभरच्या वर्तमानपत्रांत ही बातमी झळकली. घरात सोबती होता, माया होती, तरी एक उघडी वाट पुरली. दोन पोपटांच्या घरात खिडक्यांच्या जाळ्या आणि दारांची शिस्त यांना पर्याय नाही.

घरच्या राघूचे काय?

आता तो हिरवा मिठू. 'सोडून देऊ गच्चीवरून' हा सर्वांत वाईट उपाय. पिंजऱ्यात वाढलेल्या पोपटाच्या पंखांत बळ नसते, त्याला अन्न शोधता येत नाही आणि कावळे-घारी टपलेले असतात. कित्येकांचे पंखही कापलेले असतात. नवी पिसे यायला महिने लागतात.

योग्य मार्ग म्हणजे कर्नाटक वनखात्याशी किंवा वन्यप्राण्यांवर उपचार करणाऱ्या संस्थेशी संपर्क साधणे. बंगळूरमध्ये केंगेरीजवळ 'पीपल फॉर ॲनिमल्स' या संस्थेचे वन्यप्राण्यांचे रुग्णालय आहे. अशा ठिकाणी पक्षी आधी तपासतात, मग मोठ्या जाळीच्या घरात इतर पोपटांबरोबर ठेवून उडण्याचा सराव होऊ देतात. जे तयार होतात ते सोडले जातात. जे कधीच उडू शकणार नाहीत, ते आपल्या जातीच्या सोबत्यांत राहतात.

नेताना पिंजरा उघडा नेऊ नये. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली जुना टॉवेल अंथरून न्यावे. अंधारात पोपट शांत राहतो. तो किती वर्षे घरी आहे, काय खातो, पंख कधी कापले होते, हे एका कागदावर लिहून बरोबर द्यावे आणि मुलांनाही सोबत न्यावे. मिठू कुठे राहणार आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले बरे.