नळीतलं रक्त स्वस्थ बसत नाही

“एवढं रगत कामून काढायलाव मॅडम? लेकरू आधीच वाळून गेलंय.”

गंगाखेडमधल्या कुठल्याही लॅबच्या बाकावर सकाळी तासभर बसा, एखादी आजी हे म्हणणारच. मी रक्त-लघवी तपासणारी डॉक्टर, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट. आजीचा हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचं उत्तर हिशेब करून देता येतं. चला, करू या!

तीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगात साधारण सव्वादोन लिटर रक्त असतं. आम्ही सगळ्या नळ्या मिळून काढतो फार तर पाच मिलिलिटर. म्हणजे औषधाचा एक चमचा, साडेचारशे भागांतला एक भाग. पण त्या चमचाभर रक्तात तांबड्या पेशी असतात सुमारे अडीच हजार कोटी! हा आकडा ऐकून आजी आणखीच घाबरेल, म्हणून लगेच दुसरा सांगते. मोठ्या माणसाच्या हाडांच्या आत जो मगज असतो, तो दर सेकंदाला जवळजवळ वीस लाख तांबड्या पेशी तयार करतो. आता भागाकार करा. साडेतीन तासांत तेवढ्या पेशी तयार! मोठ्या माणसानं सकाळी आठला रक्त दिलं, तर शाळेची मधली सुट्टी होईपर्यंत अडीच हजार कोटी नव्या पेशी अंगात फिरायला लागलेल्या असतात. लेकराचा मगज लहान, म्हणून त्याला थोडे जास्त तास लागतील, एवढंच. तांबडी पेशी तशीही १२० दिवसच जगते. रोज जुन्या जातात, नव्या येतात. आपण फक्त त्यातल्या थोड्याशा पाहायला मागून घेतो.

मग हात पुढे करायची पाळी येते. दंडाला पट्टा बांधला की शीर फुगते आणि कुणीतरी विचारतंच, “मॅडम, शीर निळी आहे, मग रक्त लाल कसं?” शिरेतलं रक्तही लालच असतं, पण गडद. त्वचेतून आत जाऊन परत येणाऱ्या उजेडामुळे आपल्या डोळ्यांना ती शीर निळसर भासते. नळीत उतरलं की खरा रंग दिसतो. पिकलेल्या जांभळाकडे झुकणारा लाल.

आता त्या नळ्यांकडे नीट बघा. एकीचं टोपण जांभळं, एकीचं करडं, एकीचं लाल, कधी निळं. ही सजावट नाही हं! रक्त अंगाबाहेर आलं तरी ते जिवंतच असतं. नळीत गेल्यावरही त्याचे उद्योग चालू राहतात, आणि आमचं निम्मं काम या उद्योगांकडे लक्ष ठेवण्याचं आहे.

पहिला उद्योग गोठण्याचा. साध्या लाल टोपणाच्या नळीत रक्त ठेवलं की काही मिनिटांत ते घट्ट व्हायला लागतं. दही लागल्यावर वर निवळ सुटते ना, तसं अर्ध्या तासानं गोठलेल्या रक्तावर फिकट पिवळं पाणी सुटतं. त्याला सीरम म्हणतात. यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड अशा कितीतरी तपासण्या या पिवळ्या पाण्यावरच होतात. पण पेशी मोजायच्या असतील, तर रक्त गोठून कसं चालेल? म्हणून जांभळ्या टोपणाच्या नळीत आधीच ईडीटीए नावाचं रसायन लावलेलं असतं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं, तेच कॅल्शियम जे दुधात आणि तुमच्या दातांत असतं. ईडीटीए त्या कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतं आणि गोठणं थांबतं. म्हणूनच लॅबमधले दादा ती नळी हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटसुलट करतात. जोरात हलवायची मात्र नाही. तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्या आतलं पोटॅशियम बाहेर सांडतं. पेशीच्या आत ते बाहेरच्यापेक्षा वीसपटीहून जास्त असतं. मग अगदी धडधाकट माणसाच्या रिपोर्टातही पोटॅशियम वाढलेलं दिसतं.

दुसरा उद्योग खाण्याचा. नळीतल्या पेशींनाही भूक असते! तांबड्या पेशीला तर साखरेशिवाय दुसरं इंधनच वापरता येत नाही. ती नळीतली साखर खात राहते, दर तासाला पाच ते सात टक्के. समजा, मे महिन्यातल्या रणरणत्या उन्हात कुणाचं रक्त राणीसावरगावला काढलं आणि साध्या नळीतून तीन तासांनी गंगाखेडला पोचलं. काढताना साखर १०० असेल, तर आमच्या हाती येईपर्यंत ती ८० च्या आसपास आलेली असेल. उष्म्यात पेशी आणखी भराभर खातात. करड्या टोपणाच्या नळीत यासाठी फ्लोराइड असतं. टूथपेस्टमध्ये असतं तेच. साखर वापरण्याच्या कामातली एक पायरी ते अडवून धरतं आणि पेशींचं खाणं हळूहळू बंद पडतं.

“उपाशीपोटी या” असं का सांगतात, हेही आता कळेल. “नुसता चहा तर घेतला” असं म्हणणारे खूप जण भेटतात. पण चहातली साखर पंधरा-वीस मिनिटांतच रक्तात दिसायला लागते. पाणी चालतं, पाण्यात साखर नाही. आणि तुपानं माखलेल्या पुरणपोळ्या खाऊन कुणी रक्त द्यायला आलं, तर सीरम फिकट पिवळं राहत नाही, चक्क पांढुरकं आणि गढूळ होतं. खाल्लेलं तूप रक्तातून प्रवास करताना उघड्या डोळ्यांनी दिसतं! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती नळी उजेडात धरून बघतच राहिले होते.

काही मोठी माणसं मात्र आदल्या दिवशी गोड बंद करतात, म्हणजे साखर कमी येईल. त्यासाठी “तीन महिन्यांची शुगर” आहे. रक्तातली साखर तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशी जगते १२० दिवस. म्हणून किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे ते मोजलं, की गेल्या दोन-तीन महिन्यांचं सरासरी गोड कळतं. एका दिवसाच्या उपासानं ते बदलत नाही.

बाटलीतली लघवीही नळीतल्या रक्तासारखीच स्वस्थ बसत नाही. बाटलीत एखादा जंतू असेल, तर त्याला हवी तशी ऊब मिळाल्यावर तो दर वीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकतो. चार तासांत एकाचे ४,०९६! म्हणून आम्ही म्हणतो, बाटली भरली की लगेच आणून द्या.

पावसाळा संपत आला, डेंग्यूचे दिवस सुरू झाले, की लॅबमध्ये एकच प्रश्न. “मॅडम, पेशी किती आल्या?” या पेशी म्हणजे प्लेटलेट. रक्त गोठवायला धावून जाणारे इवलेसे तुकडे. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात ते दीड ते साडेचार लाख असतात. मोजतं कोण? यंत्र. ते पातळ केलेलं रक्त एका बारीक भोकातून ओढतं. भोकातून वीज वाहत असते. प्रत्येक पेशी जाताना वीज किंचित अडते आणि यंत्र मोजतं एक, आणखी एक, आणखी एक. पेशी मोठी असेल तर वीज जास्त अडते, लहान असेल तर कमी.

आता गंमत ऐका. एखादं मूल छान खेळतंय, ताप नाही, अंगावर एक लाल ठिपका नाही, आणि यंत्र सांगतं, प्लेटलेट ३० हजार! घरचे रडवेले होतात. अशा वेळी मी यंत्राच्या आकड्यावर सही करत नाही. काचपट्टी घेते. तिच्या एका टोकाशी रक्ताचा छोटासा थेंब ठेवायचा. दुसऱ्या पट्टीची कड त्याला तिरकी टेकवायची. थेंब कडेनं दोन्ही बाजूंना धावतो. मग एका दमात पट्टी पुढे सारायची, न थांबता, न दाबता. जाडसर सुरू होऊन टोकाशी निमुळता होत जाणारा पातळ थर उमटतो. तो वाळवायचा, वर लीशमनचा रंग ओतायचा. विल्यम लीशमन या डॉक्टरांनी १९०१ साली शोधलेला हा रंग आपल्याकडच्या गावोगावच्या लॅबमध्ये अजून रोज वापरतात. काही मिनिटांनी पट्टी धुतली, तेलाचा थेंब ठेवला आणि हजारपट मोठं करून पाहिलं, की तांबड्या पेशी गुलाबी दिसतात, पांढऱ्या पेशींच्या पोटात गडद जांभळं केंद्र दिसतं आणि मधूनमधून प्लेटलेटचे जांभळे कण.

निमुळत्या टोकाकडे पट्टी सरकवत नेली, की कधी कधी चोर सापडतो. वीस-पंचवीस प्लेटलेट एकमेकींना चिकटून घोळक्यानं बसलेल्या! काही थोड्या माणसांच्या प्लेटलेट ईडीटीए लागलं की अशा गोळा होतात. अंगात नाही, फक्त नळीत. यंत्राला तो घोळका प्लेटलेट वाटतच नाही, ते त्यांना मोजत नाही. मग निळ्या टोपणाच्या नळीत पुन्हा थोडं रक्त घ्यायचं. तिच्यात ईडीटीएऐवजी सायट्रेट असतं. बहुतेक वेळा घोळके सुटतात आणि आकडा निघतो दोन लाखांच्या वर. डोळ्यांनी मोजायची एक जुनी रीतही आहे. सूक्ष्मदर्शकाच्या एका गोलात सरासरी दहा प्लेटलेट दिसल्या, तर त्याला १५ हजारांनी गुणायचं. किती झाल्या? दीड लाख!

हिवतापाचा जंतूही अशाच पट्टीवर सापडतो, गुलाबी पेशीच्या आत निळं कडं आणि त्यावर लाल ठिपका. माणसाच्या रक्तात तो १८८० साली लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरांना दिसला. पण तो रक्तात येतो कुठून? याचं उत्तर सापडलं सिकंदराबादला, २० ऑगस्ट १८९७ रोजी. सिकंदराबाद हैदराबादच्या निजामाच्या राज्यातलं, आणि तेव्हा आपलं गंगाखेडही त्याच राज्यात होतं. रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरांनी हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला डास चावू दिले, चाव्यामागे एक आणा दिला, आणि मग त्या डासांची पोटं उघडून जंतू शोधला. रॉसना १९०२ साली नोबेल मिळालं. हुसेन खानाचं नाव पुस्तकांत एवढ्याशा जागेत येतं, याचं मला वाईट वाटतं. त्याच्या रक्ताशिवाय हे कळलंच नसतं.

“काल ताप आला, आज तपासलं, काहीच निघालं नाही. मग पैसे वाया गेले का?” हा प्रश्न मोठ्यांचा. ताप खराच असतो, पण रक्तात सगळ्या खुणा एकाच दिवशी उमटत नाहीत. डेंग्यूच्या विषाणूचं एनएस-१ हे प्रथिन पहिल्या काही दिवसांत सापडतं. शरीरानं त्याच्याशी लढायला बनवलेली प्रतिद्रव्यं साधारण पाचव्या दिवसापासून दिसायला लागतात. टायफॉइडच्या विडाल तपासणीला तर आठवडा जावा लागतो. म्हणून आम्ही रक्त घेताना विचारतो, ताप कधीपासून आहे? नीट आठवून सांगा. त्या दिवसावरून कुठली तपासणी करायची ते ठरतं.

रक्तगट पाहायला तर यंत्रही लागत नाही. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्ताचे तीन थेंब, एकात निळा द्राव, एकात पिवळा, एकात बिनरंगी. निळ्यात गुठळ्या झाल्या तर ए, पिवळ्यात झाल्या तर बी, दोन्हींत झाल्या तर एबी, दोन्हींत नाही झाल्या तर ओ. बिनरंगीत झाल्या तर पॉझिटिव्ह. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली व्हिएन्नात यांतले ए, बी आणि ओ हे गट दाखवून दिले.

पण मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं, की ते दिसायला ओ, पण ओ गटाच्या रक्ताशीही जुळेना! ओ चालत नाही म्हणजे काय? शोध घेतल्यावर कळलं, की ए आणि बी हे दोन्ही पदार्थ पेशीवरच्या एच नावाच्या पदार्थापासून बनतात. ओ गटाच्या पेशीवर नुसता एच असतो. या माणसांच्या पेशींवर एचही नव्हता, म्हणून त्यांचं शरीर ओ रक्तालाही परकं समजत होतं. १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभर त्या गटाला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणू लागले. शहराचं नाव बदललं, गटाचं तेच राहिलं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा असा गट असतो आणि त्याला फक्त त्याच गटाचं रक्त चालतं. तो ओ समजला जाऊन चुकू नये म्हणून आम्ही उलटी परीक्षाही घेतो. रुग्णाच्या सीरममध्ये ओ गटाच्या पेशी टाकून पाहतो. गुठळ्या झाल्या की कान टवकारतात. मग युलेक्स नावाच्या युरोपातल्या काटेरी, पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या बियांचा अर्क वापरतात. तो एच असलेल्या पेशींच्या गुठळ्या करतो. झुडपाच्या बीला माणसाच्या पेशीवरचा पदार्थ ओळखता यावा, हे मला अजूनही नवल वाटतं.

शेवटी रिपोर्ट हातात येतो आणि सगळ्यांची नजर ठळक अक्षरांवर जाते. “मॅडम, इथं वाढलेलं दाखवलंय!” शेजारी छापलेली हद्द कशी ठरते, माहीत आहे? पुष्कळ निरोगी माणसं तपासायची आणि त्यांतल्या शंभरातल्या मधल्या ९५ जणांचे आकडे ज्या हद्दीत बसतात, ती छापायची. म्हणजे पाच निरोगी माणसं आपोआप हद्दीबाहेर! एकाच निरोगी माणसाच्या वीस वेगवेगळ्या तपासण्या केल्या, तर एक तरी आकडा बाहेर जाण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते.

आणि तुमच्या, म्हणजे वाढत्या वयातल्या मुलामुलींच्या, रिपोर्टात एक आकडा तर बऱ्याचदा ‘जास्त’ येतो. अल्कलाइन फॉस्फेटेज. हाडं बांधणाऱ्या पेशी तो पदार्थ बनवतात. तुमची हाडं लांब होत असतात, म्हणून तुमच्यात तो मोठ्यांच्या दुप्पट-तिप्पटही असतो. शेजारी छापलेली हद्द मोठ्यांची असेल, तर रिपोर्ट वाढ दाखवणारच. ती उंचीचीच वाढ! मुलींमध्ये हा आकडा मुलांपेक्षा आधी खाली येतो, कारण त्यांची उंची आधी वाढते आणि आधी थांबते.