आभासी अ‍ॅनालॉग सिंथेसायझर

आभासी अ‍ॅनालॉग सिंथेसायझर हे अ‍ॅनालॉग सिंथेसायझरमधील विद्युत मंडलांचे वर्तन गणिती पद्धतीने घडवून ध्वनी निर्माण करणारे डिजिटल वाद्य किंवा सॉफ्टवेअर होय. क्लाव्हिया या स्वीडिश कंपनीच्या नॉर्ड लीड (इ.स. १९९५) या वाद्यामुळे ही संज्ञा प्रचलित झाली.

मूल्यमापन

अशा सॉफ्टवेअरची गुणवत्ता प्रामुख्याने ऑसिलेटर व फिल्टर यांवरून ठरते. करवती तरंगात मूळ वारंवारतेच्या सर्व पूर्णांक पटींतील घटक असतात. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतल्यास २२,०५० हर्ट्‌झपेक्षा कमी वारंवारताच अचूक दर्शवता येतात. त्यावरील घटक रोखले नाहीत, तर ते खालच्या वारंवारतांवर परावर्तित होऊन बेसूर ऐकू येतात. या दोषास एलियासिंग म्हणतात. तो तपासण्यासाठी करवती तरंगाचा उंच स्वर सावकाश आणखी चढवला जातो. त्या वेळी काही घटक उलट उतरत असल्यास दोष उघड होतो. फिल्टरची परीक्षा त्याचा रेझोनन्स पूर्ण वाढवून घेतली जाते.

अधिक अचूकतेसाठी अधिक गणना लागते. यू-ही या जर्मन कंपनीच्या डिव्हा (इ.स. २०११) या सॉफ्टवेअरमध्ये अचूकतेचे स्तर निवडता येतात, वरच्या स्तरावर प्रोसेसरवरील भार वाढतो. म्हणून ध्वनीच्या दर्जाबरोबरच एकाच वेळी किती स्वर खंड न पडता वाजतात, हेही पाहिले जाते.