शेडनेटमधील बीजकर्म

वैनगंगेच्या खोऱ्यात, जिथे बालाघाट जिल्ह्यातील लामत्यासारख्या गावांची शेती मालगुजारी तलावांच्या आणि आषाढ-श्रावणातील संततधारेच्या भरवशावर पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली, तिथल्या शेतकऱ्याला बियाणे ही दामाजीपंतांवर अवलंबून असलेली वस्तू आहे असे फार काळ वाटलेच नाही. भाताचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून चांगल्या बांधीतील भरदार लोंब्या निवडून कोठीत जपल्या की पुढील हंगामाची तजवीज झाली, आणि २०२१ साली भौगोलिक मानांकन लाभलेला बालाघाटचा सुगंधी चिन्नोर ह्याच घरगुती जपणुकीतून आपल्यापर्यंत पोहोचला. परंतु तोच शेतकरी परसातल्या मिरचीसाठी किंवा टोमॅटोसाठी बाजारातून संकरित बियाण्याची लहानशी पुडी घेतो, तेव्हा त्या पुडीतला एकेक दाणा कोणाच्या तरी बोटांतून गेलेला असतो, ही गोष्ट मात्र सहसा त्याच्या कानी येत नाही.

ती बोटे ज्या मुलखात राबतात त्यांपैकी एक महत्त्वाचा मुलूख म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा व सिंदखेड राजा हे तालुके आणि त्यांना लागून असलेला जालना जिल्हा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बुलढाणा आणि बालाघाट हे दोन्ही जिल्हे मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या (१९५० पासून मध्य प्रदेशाच्या) एकाच अमलाखाली होते, तर शेजारचा जालना हैदराबाद राज्यात होता. पण निसर्गाने आपली सरहद्द निराळीच आखली, आणि बुलढाण्याचे हे दोन तालुके व जालना ह्यांना एकाच कोरड्या पट्ट्यात ठेवले. सिंदखेड राजा हे जिजाऊंचे जन्मस्थान, आणि तेथील जुना मोती तलाव पाहिला की ह्या भूमीत पाणी अडविण्याची निकड आजची नव्हे हे ध्यानी येते. २०१२-१३ च्या अवर्षणात जालन्याची जी दैना झाली ती महाराष्ट्र अद्याप विसरलेला नाही. अशा प्रदेशाने भाजीपाल्याचे बियाणे हा आपला व्यवसाय करावा ह्यात वरकरणी विसंगती दिसते. वस्तुतः ती विसंगती नव्हे. बीज पक्व होण्याच्या काळात हवा कोरडी असेल तर फळावर बुरशी कमी धरते आणि दाणा स्वच्छ निघतो, हिवाळा सौम्य असेल तर फूल नीट फळते, आणि ज्या मालाचा भाव ग्रॅमवर ठरतो त्याला शेततळ्यातले जपून वापरलेले पाणीही पुरे पडते. वैनगंगेकाठच्या आपल्या दमट, पाणथळ शिवाराला हे वैभव लाभलेले नाही.

ह्या व्यवसायाची मुळे जालन्यात रुजविण्याचे श्रेय बद्रीनारायण बारवाले ह्यांना द्यावे लागते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या ह्या तरुणाने दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा सावनी’ ही भेंडीची जात आपल्या शेतात वाढवून तिचे बियाणे विकण्यापासून आरंभ केला, १९६४ साली ‘महिको’ ही कंपनी स्थापिली, आणि १९९८ साली जागतिक अन्न पुरस्काराचा मान मिळविला. तिकडे बंगळूरमध्ये मनमोहन अत्तावर ह्यांच्या संस्थेने १९७३ साली टोमॅटोचे व ढोबळी मिरचीचे संकरित वाण बाजारात आणले, आणि कर्नाटकातील राणेबेन्नूरच्या परिसरातही हाताने परागीभवन करण्याची हीच विद्या फोफावली. १९८८ च्या बियाणे धोरणाने परदेशी वाणांना दार उघडल्यावर ह्या कामाला आंतरराष्ट्रीय गिऱ्हाईक लाभले.

आता प्रत्यक्ष कर्माकडे वळू. साधारण दहा गुंठ्यांवर लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभारून त्यावर बारीक विणीची जाळी ताणली म्हणजे शेडनेट तयार होते. पॉलिहाऊससारखे ते पाऊस अडवीत नाही. त्याचे काम ऊन सौम्य करण्याचे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पांढरी माशी, फुलकिडे व मधमाशी ह्यांना बाहेर ठेवण्याचे. फळबागेत ज्या मधमाशीचे स्वागत व्हावे तीच येथे चोरपावलांनी परका पराग आणणारी ठरते. आत गादीवाफे, त्यांवर मल्चिंगचा कागद, खाली ठिबकच्या नळ्या. मादी वाणाच्या ओळी पुष्कळ, नर वाणाच्या थोड्या. दोन्ही वाणांचे मूळ बियाणे कंपनी देते, आणि ते वाण कोणते हे शेतकऱ्याला केवळ सांकेतिक क्रमांकावरून ठाऊक असते.

टोमॅटोचे फूल उभयलिंगी असल्यामुळे मोकळे सोडल्यास ते स्वतःच फळेल आणि संकराचा सारा खटाटोप व्यर्थ जाईल. म्हणून दुसऱ्या दिवशी उमलणारी नेमकी कळी हेरून, चिमट्याने तिच्या पाकळ्या हलकेच विलग करून, कुक्षीला धक्का न लावता परागकोशांचा पिवळा शंकू आदल्या सायंकाळीच काढून टाकावा लागतो. कळी एक दिवस लहान असेल तर इजा होते, एक दिवस मोठी असेल तर आत पराग आधीच सांडलेला असतो. हा विवेक पुस्तकाने येत नाही, नजरेने येतो. नर झाडांची फुले खुडून, त्यांचे परागकोश वाळवून, चाळून मिळविलेली पूड छोट्या डबीत किंवा अंगठीसारख्या कडीत भरून दुसऱ्या सकाळी ती प्रत्येक कुक्षीला लावतात. ह्या साऱ्याला तेथे ‘क्रॉसिंग’ म्हणतात. हाताळलेल्या फुलाची दोन निदले कातरून खूण करतात, जेणेकरून पुढे फळ पिकल्यावरही ते क्रॉसिंगचे की आपसूक धरलेले हे देठापाशीच ओळखता यावे. बिनखुणेचे फळ दिसताच तोडून टाकतात. हंगामात हे कर्म रोज, खाडा न करता चालते, आणि करणाऱ्या बहुतांशी स्त्रिया असतात. सोनाराच्या पेढीवरील कारागिराला समाज कसबी म्हणतो. ह्या स्त्रियांची नोंद मात्र हजेरीपटावर शेतमजूर म्हणूनच होते, आणि मला ही गोष्ट अन्यायाची वाटते.

फळे पिकली की गर काढून, आंबवून वा आम्लाने सोडवून, बी धुऊन सावलीत सुकवितात. टोमॅटोच्या एका ग्रॅमात सुमारे तीनशे दाणे भरतात. ह्यावरून एका किलोमागे किती कळ्या उघडाव्या लागल्या असतील ह्याचा अदमास वाचकाने करावा. युरोपातील काचगृहांत आणि स्पेनच्या आल्मेरियासारख्या कोरड्या मुलखातील प्लॅस्टिकच्या छपरांखाली जी भाजी पिकते, तिला लागणाऱ्या संकरित बियाण्याचा काही अंश भारतासारख्या देशांत असाच हातांनी घडतो. म्हणजे एक कोरडा प्रदेश दुसऱ्या कोरड्या प्रदेशाला बीज पुरवितो. त्या वाटेवर जकातीइतकाच कडक पहारा रोगांवर असतो: टोमॅटोवरील तपकिरी सुरकुती विषाणूच्या भयाने युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१९ पासून टोमॅटो व मिरचीच्या बियाण्यावर तपासणीची सक्ती केली, आणि तेव्हापासून शेडनेटच्या दाराशी पाय व हात निर्जंतुक करणे ही कारखान्यासारखी शिस्त झाली.

गारपिटीने व वादळाने जाळ्या फाटतात, सांगाडे वाकतात, कर्ज मात्र उभे राहते. हे संकट डोळ्यांना दिसते. न दिसणारे संकट निराळे आहे. बी कंपनीकडे गेल्यावर त्याचा नमुना पेरून, उगवलेली झाडे खऱ्या संकराची आहेत की नाहीत हे पाहतात. ह्या ‘जीओटी’चा (ग्रो-आउट टेस्टचा) निकाल येईपर्यंत महिने लोटतात, आणि शुद्धता ठरलेल्या टक्केवारीखाली गेली तर ‘लॉट नापास’ एवढ्या दोन शब्दांत वर्षाचे कष्ट बुडतात. कसोटी आवश्यकच आहे, कारण अशुद्ध पुडी घेणारा शेवटी लामत्याचाच एखादा शेतकरी असतो. पण ज्याचा माल नापास झाला त्याच्या हाती त्याच मालाचा पुरावा राहत नाही, हे मला गैर वाटते. १९६६ च्या बियाणे कायद्याने बियाणे निरीक्षकावर बंधन घातले आहे की त्याने नमुन्याचे तीन भाग करून मोहोरबंद करावेत, एक ज्याच्याकडून घेतला त्याला द्यावा, एक विश्लेषकाकडे पाठवावा आणि एक राखून ठेवावा. करारावर बीजोत्पादन करणाऱ्या देऊळगाव राजाच्या शेतकऱ्यालाही असाच एक मोहोरबंद भाग, माल उचलतानाच, त्याच्या व साक्षीदाराच्या सहीनिशी मिळाला पाहिजे. आणि ते कलम करारनाम्यात मराठीतून लिहिलेले असले पाहिजे.