शिडीची पहिली पायरी

बहुतेक कर्करोग डॉक्टरांसमोर येतात ते पुरते वाढल्यावर. स्वादुपिंडातली गाठ ध्यानात येते तोवर तिचे बालपण कधीच सरलेले असते. मोठ्या आतड्याचे तसे नाही. तिथे काही मिलिमीटरचा पॉलिप, दोन-तीन सेंटिमीटरचा पॉलिप आणि पक्का कर्करोग, अशा साऱ्या अवस्था एकाच माणसात शेजारीशेजारी सापडू शकतात. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलातल्या बेझिल मॉर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या आधारे मांडले होते की आतड्याचा कर्करोग बहुधा साध्या पॉलिपातूनच वाढतो. तो का वाढतो, हे मात्र सूक्ष्मदर्शकात दिसणारे नव्हते.

ते पाहायला सुरुवात झाली अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये. बर्ट व्होगलस्टाइन यांच्या गटाने १९८८ मध्ये १७२ गाठींचे नमुने तपासले. त्यांतले ९२ कर्करोगाचे, तर ८० निव्वळ पॉलिपांचे, म्हणजे अॅडेनोमांचे होते. माझ्या मते या शोधनिबंधाचे खरे मोल त्या ८० नमुन्यांत आहे. एक सेंटिमीटरहून लहान पॉलिपांपैकी ९ टक्क्यांतच रास जनुक बिघडलेले निघाले. त्याहून मोठ्यांत हे प्रमाण ५८ टक्के होते. अठराव्या गुणसूत्राचा एक तुकडा ७३ टक्के कर्करोगांत आणि ४७ टक्के पुढच्या अवस्थेतल्या पॉलिपांत गहाळ होता, सुरुवातीच्या पॉलिपांत क्वचितच. सतराव्या गुणसूत्राचा तुकडा बहुतेक कर्करोगातच हरवलेला आढळला. गाठ जसजशी वाढते तसतसे जनुकांतले बिघाड साचत जातात, ही कल्पना प्रथमच आकड्यांनिशी समोर आली.

एक कोडे उरले. काही घराण्यांत तरुणपणीच आतड्यात शेकडो पॉलिप उगवतात. त्या आजाराचे जनुक पाचव्या गुणसूत्रावर आहे, हे १९८७ मध्ये कळले होते. पण अशा रुग्णांच्या पॉलिपांत तो भाग शाबूत दिसला! जनुकच अजून हाती नव्हते. गुणसूत्राचा तुकडा गेला की राहिला, एवढेच पाहता येत होते. १९९१ मध्ये एपीसी जनुक सापडले, आणि पुढच्या काही वर्षांत उलगडा झाला: तुकडा जागेवर असला तरी त्यातली जनुकाची प्रत बारीक बदलाने निकामी झालेली असू शकते. जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरच्या पॉलिपांतही एपीसी बिघडलेले मिळाले. पहिली पायरी ती हीच.

दरम्यान १९९० मध्ये एरिक फिअरन आणि व्होगलस्टाइन यांनी सगळे एका आकृतीत बसवले: आधी पाचव्या गुणसूत्रावरचा बिघाड (म्हणजे पुढच्याच वर्षी सापडलेले एपीसी), मग रास, मग अठरावे गुणसूत्र, शेवटी सतराव्या गुणसूत्रावरचे पी५३ जनुक. ही शिडी पाठ्यपुस्तकांत गेली आणि तिथेच ठाण मांडून बसली. बिघाडांच्या क्रमापेक्षा त्यांचा एकूण साठा महत्त्वाचा, असे त्याच लेखात बजावलेले होते. पण आकृती पाठ झाली आणि इशारा मागे पडला. २००२ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी १०६ गाठी तपासल्या, तेव्हा एपीसी, के-रास (रासचाच एक प्रकार) आणि पी५३ हे तिन्ही बिघडलेल्या गाठी निघाल्या अवघ्या ६.६ टक्के. शिवाय १९९३ पासून डीएनएची दुरुस्ती बिघडल्याने होणाऱ्या कर्करोगाचा, लिंच सिंड्रोमचा, वेगळाच रस्ता उलगडत गेला होता.

तरीही क्रम अगदीच गौण नाही. एपीसी धड असताना आधी रास बिघडले, तर बहुधा सूक्ष्म, निरुपद्रवी वाढ होते आणि तिथेच थांबते. हे १९९४ मध्ये दाखवणारा गटही व्होगलस्टाइन यांचाच. शिडीच्या वरच्या पायऱ्या मागेपुढे झाल्या तरी चालते, पहिली बदलली की चढणच बंद होते. तीन दशकांच्या कामातून मला तरी हाच निष्कर्ष टिकलेला दिसतो.

ही पहिली पायरी चढायला लावतो कोण? ११ देशांतल्या ९८१ गाठींचा जनुकसंच वाचून २०२५ मध्ये एक धागा मिळाला. आतड्यातले काही जीवाणू कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करतात. त्याच्या खुणा सत्तरीपुढच्या रुग्णांपेक्षा चाळिशीच्या आतल्या रुग्णांत ३.३ पट अधिक आढळल्या, आणि एपीसीच्या, म्हणजे पहिल्या पायरीच्या, बिघाडांतही त्या होत्या. कार्यकारण यातून सिद्ध होत नाही, पण खुणा इतक्या आधीच्या असल्याने संशय बालपणातल्या संसर्गाकडे वळला आहे.

मोठ्या पॉलिपाचा पुढच्या अवस्थेतला कर्करोग व्हायला साधारण १७ वर्षे लागतात, असा अंदाज २००८ मध्ये जनुकांच्या तुलनेतून निघाला. म्हणजे पॉलिप कोलोनोस्कोपीत काढून टाकायला भरपूर अवधी असतो. तेव्हा शौचावाटे रक्त जात असेल, तर वय कमी आहे म्हणून मूळव्याधीवर बोट ठेवून गप्प बसू नका. घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा.