उतरत्या वाऱ्याचा माग

२४ जून १९७५, दुपारचे चार वाजत आलेले. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर आभाळ गडगडत होतं आणि विमानं ‘ट्वेंटी-टू लेफ्ट’ धावपट्टीवर उतरत होती. धावपट्टीचा आकडा होकायंत्रावरून येतो. २२ म्हणजे तोंड साधारण २२० अंशांकडे, आणि शेजारीशेजारी दोन पट्ट्या असतील तर त्यातली डावी ती लेफ्ट. फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू डीसी-८ तिथं कसंबसं टेकलं आणि त्याच्या कॅप्टननं रेडिओवरून कंट्रोलरला बजावलं की जमिनीजवळ वारा भयंकर फिरतोय, धावपट्टी बदला. कंट्रोलरच्या पुढ्यातला काटा मात्र समोरून येणारा पंधरा नॉटचा सरळसाधा वारा दाखवत होता. तुमचा काटा काय दाखवतो याच्याशी मला घेणं नाही, या अर्थाचं उत्तर कॅप्टननं चिडून दिलं. धावपट्टी बदलली नाही.

पाठोपाठ आलेलं ईस्टर्न एअरलाइन्सचं ट्रायस्टार जमिनीजवळ येता येता एवढं खचलं की वैमानिकानं उतरण्याचा नाद सोडला, इंजिनांना पूर्ण जोर दिला आणि विमान वर काढलं. याला गो-अराउंड म्हणतात. प्रवाशांना ही फजिती वाटते. खरं तर विमानात घेतला जाणारा हा सर्वांत शहाणा निर्णय असतो. ते विमान नेवार्कला गेलं. मग दोन विमानं सुखरूप उतरलीसुद्धा. आणि त्यानंतर ईस्टर्नचंच फ्लाइट ६६, न्यू ऑर्लीन्सहून आलेलं बोइंग ७२७, धावपट्टीच्या अलीकडच्या दिव्यांच्या मनोऱ्यांना धडकलं आणि रॉकअवे बुलेवार्ड या रहदारीच्या रस्त्यापर्यंत विखुरलं. १२४ जणांपैकी ११३ गेले.

वादळ होतं, वारा वाईट होता, हे चौकशीत मान्य झालं. वैमानिक यंत्रांऐवजी काचेबाहेर पाहत राहिले आणि विमान किती झपाट्यानं खाली जातंय हे त्यांना उशिरा कळलं, असाही ठपका आला. पण एकाच वाटेनं, काही मिनिटांच्या अंतरानं आलेल्या विमानांपैकी एक पडतं, एक निसटतं आणि मधली सुखरूप उतरतात, हा कसला वारा? ईस्टर्ननं हा प्रश्न शिकागो विद्यापीठातल्या एका माणसापुढे ठेवला.

तेत्सुया फुजिता, अमेरिकेत टेड. टोर्नेडोंची, म्हणजे जमिनीवर घुमत जाणाऱ्या वावटळींची, तीव्रता मोजणारी एफ-पट्टी १९७१मध्ये यांनीच बसवलेली. विमान-अपघात हा त्यांचा विषय नव्हता. त्यांची विद्या वेगळी होती: वादळ निघून गेल्यावर मागे पडलेल्या वस्तूंवरून वाऱ्याची गोष्ट वाचायची. ही विद्या त्यांना फार विदारक ठिकाणी मिळाली होती. १९४५ साली ते जपानमध्ये तोबाता इथं शिकवत होते. शेजारचं कोकुरा हे दुसऱ्या अणुबाँबचं मूळ लक्ष्य. त्या सकाळी तिथं आभाळ झाकलेलं होतं म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. पुढं पाहणीसाठी नागासाकीत गेल्यावर फुजितांनी कबरींवरच्या बांबूच्या फुलदाण्या तपासल्या. त्यांच्या आतल्या बाजूचे भाजल्याचे डाग कोणत्या कोनात आहेत, यावरून बाँब किती उंचीवर फुटला याचं गणित त्यांनी मांडलं. आणखी एक चित्र डोक्यात बसलं. स्फोटाच्या थेट खालची झाडं उभीच होती. दूरची मात्र बाहेरच्या दिशेला, मधल्या बिंदूपासून किरण फुटावेत तशी आडवी झाली होती.

ते चित्र पुन्हा दिसायला जवळजवळ एकोणतीस वर्षं जावी लागली. एप्रिल १९७४च्या ३ आणि ४ तारखेला अमेरिकेत १४८ टोर्नेडो झाले. फुजिता लहान विमानातून त्यांच्या खुणा टिपत हिंडले. टोर्नेडो गेलेल्या रानात झाडं पिळल्यासारखी, गोल फिरवल्यासारखी पडतात. वेस्ट व्हर्जिनियात एका ठिकाणी ती तशी नव्हती. तिथं झाडं मधून बाहेर, चहूकडे लोळवलेली होती. तिथं वारा फिरला नव्हता, वरून आदळून पसरला होता.

केनेडीच्या नोंदी हाती आल्या तेव्हा त्यांनी हाच आकार आकाशात शोधला. विमानांचे फ्लाइट रेकॉर्डर, वैमानिकांचं म्हणणं, प्रत्येकाची नेमकी वेळ आणि जागा असं सगळं एका नकाशावर मांडलं. ढगातून थंड हवेचा एक लोट खाली कोसळला असावा, धावपट्टीच्या तोंडाशी जमिनीवर आपटला असावा आणि नळाची धार मोरीच्या फरशीवर पसरते तसा चौफेर धावला असावा, असं त्यांनी १९७६च्या अहवालात मांडलं. या लोटाला त्यांनी डाउनबर्स्ट म्हटलं. चार किलोमीटरच्या आत मावणाऱ्या लोटाला पुढं मायक्रोबर्स्ट हे नाव पडलं. त्याचा जोर दोन ते पाच मिनिटं टिकतो. मधली विमानं का वाचली आणि वारामापकाला काही का कळलं नाही, या दोन्हींचं उत्तर यातच आहे. काटा होता तिथं तो लोट पोहोचलाच नव्हता.

अशा लोटात शिरणाऱ्या विमानाचं काय होतं? उतरणारं विमान ग्लाइड स्लोपवरून, म्हणजे धावपट्टीपासून साधारण तीन अंशांनी चढत गेलेल्या अदृश्य उतारावरून, खाली येत असतं. लोटाच्या कडेला त्याला आधी हेडविंड लागतो, समोरचा वारा. पंखांवरून हवा जोरात वाहते, लिफ्ट वाढते आणि विमान उताराच्या वर उचललं जातं. शिकवल्याप्रमाणे वैमानिक इंजिनांचा जोर कमी करतो. मग मधोमध वरून दाबणारी हवा. आणि पलीकडच्या कडेला तोच वारा पाठीमागून, टेलविंड. पंखांवरची हवा एकदम मंदावते, एअरस्पीड कोसळतो आणि जमीन दोनेकशे फुटांवर आलेली असते. जोर वाढवला तरी त्या काळच्या जेट इंजिनांना पूर्ण ताकद यायला काही सेकंद लागत, आणि तेवढे सेकंद आता शिल्लक नसतात. थोड्या अंतरात वाऱ्याची दिशा किंवा वेग असा पालटणं म्हणजे विंडशिअर. आपली वर्तमानपत्रं यालाही हौसेनं ‘हवेची पोकळी’ म्हणतात. हवेत पोकळी बिकळी काही नसते.   

हवामानशास्त्रज्ञांनी मात्र नाकं मुरडली. ढगातून थंड हवा उतरते हे १९४६-४७ पासूनच माहीत होतं. शिकागोच्याच होरेस बायर्स यांनी ते दाखवलं होतं, आणि जपानमध्ये सेबुरी डोंगरावरच्या नोंदींवरून स्वतंत्रपणे तेच ताडलं म्हणूनच बायर्सनी फुजितांना १९५३ साली अमेरिकेत बोलावून घेतलं होतं. वळवाच्या पावसाआधी अंगणातली धूळ उडवत जो गार वारा येतो, तो याच हवेचा. पण जमिनीजवळ येईतो हा झोत मवाळ होतो, अशी समजूत होती. फुजितांनी जुन्याच गोष्टीला नवं नाव दिलं, एवढाच त्याचा अर्थ लावला गेला. शिवाय त्यांच्यापाशी नकाशे होते, मोजमाप नव्हतं.

ते १९७८च्या उन्हाळ्यात मिळालं. शिकागोच्या आसपास तीन डॉप्लर रडार लावली. ही रडार पावसाचे थेंब आपल्याकडे येताहेत की दूर जाताहेत, तेही सांगतात. तो आकार पडद्यावर उमटला: एका बाजूचे थेंब रडारकडे धावणारे, लगेच पलीकडचे पाठ फिरवून पळणारे, आणि मध्ये फट. त्या मोसमात असे सुमारे ५० लोट सापडले. ज्याचं अस्तित्वच वादात होतं, ते जवळजवळ रोजचं निघालं.

१९८२मध्ये डेनव्हरजवळ आणखी मोठी मोहीम उभी राहिली. तिथल्या कोरड्या हवेत एक कावेबाज प्रकार दिसला. ढगाखाली पावसाची झालर लोंबते पण जमिनीला टेकत नाही. पाणी वाटेतच आटतं, आटताना हवा थंड आणि जड होते आणि कोसळते. खाली उभ्या माणसाच्या अंगावर थेंबही पडत नाही. मोहीम चालू असतानाच ९ जुलैला न्यू ऑर्लीन्सजवळ पॅन ॲमचं ७२७ उड्डाण करता करता मायक्रोबर्स्टमध्ये सापडलं आणि केनर गावातल्या घरांवर पडलं. १५३ माणसं गेली. पुढच्या वर्षी १ ऑगस्टला वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज तळावर राष्ट्राध्यक्ष रेगन यांचं विमान उतरलं आणि सहा-सात मिनिटांत तिथं १३० नॉटचा झोत आदळला. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलसला डेल्टाचं ट्रायस्टार पडलं, १३७ मृत्यू. त्यानंतर कुणी नाकं मुरडली नाहीत. वैमानिकांचं प्रशिक्षण बदललं: वेग अचानक वाढला तर सुखावू नका, पुढचा धोका ओळखा, विंडशिअर लागलाच तर पूर्ण जोर द्या, नाक वर धरा, चाकं आणि फ्लॅप्सना, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपांना, हात लावू नका. १९८८मध्ये कॉकपिटमध्ये इशारा देणारी यंत्रणा सक्तीची करण्याचा नियम झाला.

त्याच वर्षी ११ जुलैला डेनव्हरच्या स्टेपलटन विमानतळावर नव्या रडारची चाचणी चालू होती. युनायटेडची विमानं एकामागून एक उतरायला येत होती आणि मायक्रोबर्स्टचा इशारा टॉवरमधून थेट वैमानिकांच्या कानावर गेला. चार विमानं लोटात शिरली, त्यातलं एक तर फारच खाली खचलं; पण सगळ्यांनी गो-अराउंड केलं आणि सगळी वाचली. केनेडीच्या टॉवरमधला काटा जे सांगू शकला नव्हता, ते या वेळी आधी सांगितलं गेलं होतं.

पडद्यावर दिसू लागलं तरी पडदा प्रत्येक ठिकाणी असावा लागतो. २ जुलै १९९४ रोजी शार्लटला यूएसएअरचं डीसी-९ उतरताना पावसाच्या लोटात शिरलं. वैमानिकांनी गो-अराउंड सुरू केलं, पण मग नाक वर ठेवण्याऐवजी खाली केलं. विमानातल्या यंत्रणेनं इशारा दिलाच नाही, कारण फ्लॅप्स हलत असताना ती कमी संवेदनशील राहील अशीच तिची रचना होती. ३७ जण मेले. मायक्रोबर्स्ट पकडणारं रडार शार्लटला बसायचं ठरलेलं होतं. जागेचा प्रश्न सुटत नव्हता म्हणून ते काम मागे पडलं होतं.