पोट फुगले, उलट्या लागल्या : एरंडेल देऊ नका

पोटात कळ आली की आपल्या घरांत पहिला हात एरंडेलाच्या बाटलीकडे जातो. कोठा साफ झाला की बरे वाटेल, ही समजूत जुनी आहे. दुखणे किरकोळ असेल तर ते निभावूनही जाते. परंतु आतड्याची वाट बंद झालेली असेल, तर हाच जुलाब जिवावर बेततो.

शेताच्या पाटाचेच उदाहरण घ्या. पाटात दगडमाती अडकली असता वरून आणखी पाणी सोडले, तर ते तुंबते आणि शेवटी बांध फुटतो. लहान आतडे सुमारे २० फूट लांब. लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून रोज सुमारे ७ लिटर रस त्यात उतरतात आणि बहुतेक पुन्हा रक्तात शोषले जातात. वाट बंद झाली की हे पाणी व वायू आतच साठतात, उलट्या होतात, शरीर कोरडे पडते. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, तर सहा तासांतही तो भाग काळा पडून सडू लागतो.

कारणे अनेक आहेत. पूर्वी पोटाचे ऑपरेशन झाले असल्यास आतड्याचे वेढे एकमेकांस चिकटतात. दुसरे मोठे कारण अंतर्गळ. जांघेतील गाठ निजल्यावर आत जाते, म्हणून माणूस ती अंगावर काढतो व पोती उचलीत राहतो. एके दिवशी गाठ कडक होते, दुखते, आत जात नाही. तशी गाठ घरी दाबू नये. याशिवाय आतड्याचा क्षय, मुलांच्या पोटातील जंतांचा गुंता, उतारवयात आतड्याला पडलेला पीळ किंवा कर्करोग, हीही कारणे आहेत. तान्ह्या बाळाचे एक आतडे दुसऱ्यात शिरू शकते. असे बाळ थांबून थांबून किंचाळते, पाय पोटाशी घेते व त्याच्या शौचातून रक्त आणि शेंबूड पडतो.

चार खुणा ध्यानात ठेवा : थांबून थांबून येणारी कळ, उलट्या, फुगलेले पोट, आणि शौच व वारा दोन्ही बंद. चारही एकदम दिसतीलच असे नाही. अडथळ्याच्या खाली साठलेले शौच आरंभी एकदा होऊनही जाते. तेवढ्याने निर्धास्त होऊ नका. कळ थांबून सतत दुखू लागले, ताप आला किंवा पोट लाकडासारखे ताठ झाले, तर क्षणही दवडू नका.

अशा वेळी तोंडाने अन्न, पाणी, जुलाब काही देऊ नका. पोट चोळू नका. एनिमाही घरी नको. शस्त्रक्रियेची सोय असलेले इस्पितळ गाठा. तेथे सलाईन लावतात, नाकातून नळी घालून जठरातील साठा बाहेर काढतात, एक्स-रे किंवा स्कॅन करतात. चिकटलेली आतडी पुष्कळदा एवढ्यानेच दोन-तीन दिवसांत मोकळी होतात. बाळाचे आतडेही बरेचदा गुदद्वारातून हवा वा पाणी सोडून, चिरफाड न करता सरळ करता येते. मात्र रक्तपुरवठा तुटला असल्यास ऑपरेशनच करावे लागते. डॉक्टर तसे म्हणाले, तर गावाहून वडीलधारे येईपर्यंत सही अडवून धरू नका.

अंतर्गळाचे ऑपरेशन सुगी संपताच करून घ्या. मुलांना शाळेत व अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळी चुकवू नका. आणि एरंडेलाची बाटली उचलण्यापूर्वी एवढे विचारा : वारा सरतो आहे का? उलटी झाली का?